काट्यांना मुठयाल

होडीच्या बॅटरीला मी मुठयाल फासलं.

मुठयाल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थंडाव्याला मेणासारखं घट्ट होतं. कारापूरची मावशी दरवर्षी त्याचा गोळा पाठवते आणि फुटलेल्या टाचांपासून जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, करकरणाऱ्या बिजागरीपर्यंत आमच्याकडे सगळ्यावर तेच चोळतात. खाऱ्या हवेनं बॅटरीची टोकं गंजतात, असं कुठंसं ऐकलं होतं. टाचेला चालतं ते तांब्याला का चालू नये? वायरींच्या कड्यांत, नटांच्या खाली मी बोटांनी कोंबून कोंबून मुठयाल भरलं. पाना घरी राहिला होता, म्हणून नट हातानंच आवळले. मग स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन जेवायला गेलो.

चवथ तोंडावर आली होती. आमच्या वाड्यावरचे गणपती शापोरा नदीच्या काठालाच पोचवतात, आणि ओहोटी लागली की चिखलातून देवाचा एखादा हात, अर्धा मुकुट वर दिसतो. बघवत नाही. म्हणून यंदा देव माझ्या होडीतून खोल पाण्यात न्यायचे, असं मी देवळाच्या पायरीवर छाती फुगवून सांगून बसलो होतो. वाड्यावर जिचा शब्द चालतो ती थोरली काकी तेव्हाच म्हणाली होती, "मदीच बंद पडली तर देवाक घेवन खंय रे जातलंस? मोरजेच्या दर्यात?"

"काकी, नवे मीटर बसवलेत," मी म्हणालो. "इंजिनाला शिंक आली तरी काटा सांगतो."

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात घातली आणि काट्यांच्या अंगात आलं. तापमानाचा काटा लालमध्ये जाऊन थरथरायला लागला. पेट्रोलचा काटा, टाकी भरलेली असताना, शून्यावर लोळत होता. फेऱ्यांचा काटा तर इंजिन एकसुरात चालू असूनही नुसता उड्या मारत होता. ऊन पडलं की तिघेही शहाण्यासारखे वागायचे, ढग आला की पुन्हा घुमायचे. अशा होडीत देव कोण ठेवणार?

पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय म्हणून आधी टाकी उघडली. तिच्यातलं पेट्रोल नळीनं तोंडानं ओढताना घोटभर पोटात गेलं. दिवसभर ढेकर आला की डोळ्यांतून पाणी यायचं. टाकीत काही दोष नव्हता. मग इंजिन तापतंय असं धरून पाणी खेचणारा पंप खोलला. आत कुजलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा आणि जेलीफिशचा असावा असा एक लिबलिबीत गोळा. तो काढताना माझ्या बाहीत शिरला. पोटातलं पेट्रोल वर यायला बघत होतं. पंपही धडधाकट निघाला. इंजिनातून पाण्याची धार आधीपासूनच नीट पडत होती. ती आधी बघितली असती तर बाही वाचली असती.

शेवटी कंटाळून, काळोखून आलं म्हणून दिवा लावला, तर तिन्ही काटे एकदम खाली बसले. दिवा बंद केला, तिन्ही वर. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला: तीन मीटर एकाच वेळी बिघडत नाहीत, पण तिघांचा अर्थ एकच असतो. अर्थ म्हणजे अर्थिंग, बॅटरीकडे परत जाणारी काळी वायर. माझ्या वागण्यातला नव्हे, तो अजून सापडलेला नाही. एक सुटी वायर घेऊन मीटरांपासून थेट बॅटरीच्या शिशाच्या टोकाला टेकवली, तर तिन्ही काटे खांबासारखे उभे.

बायको काठावर उभी होती. मी बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं आणि तिनं पदर नाकाला लावला. "अवो, काय मेला हा थंय? उंदीर?"

उंदीर परवडला असता. कोंबलेल्या मुठयालाला खारं पाणी लागून हिरवट, खवट चिकटा झाला होता. त्यात मुंग्या आणि झुरळं रुतून मेली होती, आणि कधीतरी तिथं ठेवून विसरलेली गळाची कोळंबी त्यांना सोबत करत होती. हीच राड कडी आणि नटाच्या मध्ये बसून वीज अडवत होती. उन्हानं वितळली की वाट मोकळी, ढगानं थिजली की बंद. नखांनी खरवडलं, ब्रशनं घासलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं. मला मध्ये दोनदा काठावर जाऊन ओकावं लागलं. मग कोरड्या धातूला कोरडा धातू लावून नट पान्यानं आवळले. काटे स्थिर झाले. होडी बाल्दीनं, साबणानं, फिनेलनं नाकापासून शेपटापर्यंत धुतली.

हे सगळं आटपेपर्यंत चवथ होऊन विसर्जनाची वेळ झाली. आरत्या म्हणत मंडळी काठावर आली. मी शर्ट तेवढा बदलला होता. देव होडीत ठेवले, मी ऐटीत इंजिनापाशी बसलो आणि काटे दाखवले. काकी होडीत चढली, थबकली, इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं. माझ्या चेहऱ्यावर आशा आणि फिनेल दोन्ही असावं. मग तिनं इंजिन चालवता येणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हात करून बोलावलं.

"होडी बरी आसा," ती मला म्हणाली. "घाण तुका मारता. देवाचा नाक केदा लांब आसा ता बघ, आनी उतर खाली."