ताटाला बोट लावणारा सौफी

वान सौफी आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आला तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा होत्या. त्यातल्या एकीतून असा काही वास येत होता की आमच्या मांजरानं तीन दिवस त्याचं दार सोडलं नाही. बुदू! तिकडे समुद्रापलीकडच्या केलांतान राज्यात माशांचा हा आंबवलेला रस भातावर ओतून खातात. आईनं सहा बाटल्या बांधून दिल्या होत्या, जसं काही समुद्राच्या अलीकडे सारावाकात आम्ही पालापाचोळा खाऊन जगतो.

"काय रे, एवढं लांब कशाला आलास? मुलगी पळवलीस की काय कुणाची?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. शेजारधर्म म्हणून विचारावंच लागतं.

"नाही हो, माकचिक."

"माकचिक कुणाला म्हणतोस? मावशी दिसते का मी तुला? सगळं कानोवित गाव मला इंदाय सुलाउ म्हणतं. सुलाउची आई. तूही तेच म्हण."

मग हळूहळू कळलं. सात वर्षं हा पोरगा गावच्या दवाखान्यात टेबलामागे बसून लोकांचे खोकले लिहून घेत होता. त्याला कंटाळा आला. "माणूस जिथं पडलाय तिथं जायचंय मला," तो म्हणाला. आमच्या इस्पितळात रुग्णवाहिकेवरच्या पॅरामेडिकची जागा होती. आधी तीन महिने शिकायचं, मग परीक्षा. पास झाला तर इथली नोकरी पक्की. नापास झाला तर परत जाऊन त्याच टेबलामागे बसायचं. देश एकच, पण आमच्या राज्यात उतरताना बाहेरच्याला विमानतळावर चिठ्ठी देतात, अमुक दिवस राहा म्हणून. ती चिठ्ठी तो पाकिटात आईच्या फोटोमागे ठेवायचा आणि दर दोन दिवसांनी काढून बघायचा.

आता मला सगळं कसं कळतं म्हणाल, तर त्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणजे आमचा जेंगी, माझा नवरा. आणि जेंगीच्या पोटात भात राहतो, बातमी राहत नाही.

दोन महिने झाले असतील. जेंगी दुपारी घरी आला तो हसत की रडत, कळेना.

"तुझ्या केलांतानवाल्यानं आज घोळ घातला."

नदीच्या वरच्या अंगाला एका लांबघरात मिरी तोडताना शिडीवरून माणूस पडला होता. एका छपराखाली सव्वीस दारं आणि त्या सव्वीसही दारांतली माणसं भोवती गोळा झालेली. सौफीनं पाय असा सुरेख बांधला की माणूस ओरडायचाच थांबला. तेवढ्यात घरच्या म्हातारीनं पुढ्यात भाताचं ताट आणून ठेवलं. सौफीनं छातीवर हात ठेवला, वाकला, म्हणाला, "नको, आजी." तिनं पुन्हा सरकवलं. "नको, खरंच नको." तिसऱ्यांदाही नको म्हणाला. त्यांच्याकडे हीच रीत, तीनदा नाही म्हणणारा गुणी. शिवाय ताटात काय शिजलंय कुणास ठाऊक. डुकराचं असलं तर त्याला चालत नाही.

आम्हा इबान लोकांत मात्र असं ताट टाकून निघालं की पुनी लागते. वाटेत साप चावतो, होडी उलटते, काही ना काही होतंच. माझ्या सख्ख्या चुलत्याला कॉफी नको म्हणून निघाल्यावर विंचू चावला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि उपाय तरी केवढा? खायचं नसेल तर ताटाला बोट लावायचं, 'पुनी' म्हणायचं, चालू पडायचं.

झालं! म्हातारी जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसली. "हा पोरगा पुनी घेऊन गाडीत बसणार, आणि त्याच गाडीत माझा मुलगा? नाही जायचं."

जेंगी सौफीला सांगतोय, ताटाला हात लाव. सौफीला वाटतंय, हे मला बळंच खायला घालताहेत. तो म्हणतोय, "माझा धर्म आहे हो!" म्हातारी म्हणतेय, "मग आमचा काय भुईमूग आहे?" यात अर्धा तास गेला. पाय मोडलेला माणूस बिचारा मधे पडून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी जेंगीनंच सौफीचं बोट ओढून ताटाला टेकवलं, तेव्हा कुठं म्हातारी उठली.

शिकवणारे साहेब एन्चिक बादाउ, आमच्यातलेच, इबान. त्यांनी एवढंच म्हटलं, "आज पाय होता. उद्या छाती असेल, तेव्हा अर्धा तास कुठून आणशील? शेवटच्या परीक्षेला मी स्वतः बरोबर येईन. तेव्हा असं झालं तर सरळ विमानात बस."

संध्याकाळी पोरगा पायरीवर बसला होता, हातात ती चिठ्ठी. तोंड असं, की मांजरसुद्धा लांब बसलेलं.

"ऊठ," मी म्हटलं आणि केळ्याचं भजं पुढं केलं.

"नको, इंदाय..."

"पुनी!"

त्यानं दचकून बोट लावलं.

त्या दिवसापासून मी त्याला सोडला नाही. नमाजाला निघाला, की मी दारात वाटी घेऊन उभी. आंघोळ करून आला, की कच्चा भोपळा पुढं. एकदा तर मांजराची वाटी पुढं केली. त्यानं सवयीनं बोट लावलं आणि मग बोटाकडे असं पाहिलं की मी पोट धरून हसले. त्यानंही उट्टं काढलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी बुदूची उघडी बाटली माझ्या नाकाखाली. "इंदाय सुलाउ, घ्या ना थोडं." घ्या म्हटल्यावर करते काय? बोट लावलं. दोन दिवस जेंगी माझ्या शेजारी जेवायला बसला नाही.

पुढच्या महिन्यात मी माहेरच्या लांबघरात गेले होते. भर दुपारी माझी मावशी, इनी तेबारी, जेवायला बसली. पहिला घास घेणार तोच छाती धरून आडवी. आम्ही फोन केला. गाडी आली. जेंगी, सौफी आणि मागून वही घेतलेले एन्चिक बादाउ. म्हणजे परीक्षा आजच, आणि तीही माझ्या मावशीच्या छातीवर. मला थट्टा सुचेना.

सौफीनं झटपट वायरी चिकटवल्या, कागदाची पट्टी बघितली, गोळी चघळायला दिली, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. "हार्ट अटॅक आहे. लगेच सिबूच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं."

आणि मावशी झटापट करू लागली! मास्क ओढतेय, हात झाडतेय, स्ट्रेचरवरून उठतेय. तिचा मुलगा रडायला लागला, "गुदमरतेय ती! काढा ते!"

"हात धरा तिचे," एन्चिक बादाउ म्हणाले. "वेळ जातोय. उचला."

"एक मिनिट, साहेब."

सौफी गुडघ्यावर बसला. मास्ककडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघत. डोळे आमच्या सगळ्यांच्या पायांमधून पलीकडे लागले होते. तिथं चटईवर तिचं ताट पडलेलं, भात, मोहरीचा पाला आणि डुकराचं मटण, जसंच्या तसं. साऱ्या लांबघराची माणसं उभी, त्यात मी, जन्माची इबान. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानं ताट उचलून आणलं. तिचं बोट धरून भाताला लावलं. मास्कच्या आतून मावशी काहीतरी पुटपुटली, आणि हात पोटावर ठेवून गप्प पडली, जशी काही दुपारची झोप घ्यायला आडवी झाली असावी. मग सौफीनं हातमोजा काढून ताटाच्या कडेला, जिथं काहीच नव्हतं तिथं, स्वतःचं बोट टेकवलं. जेंगीपुढं धरलं. स्ट्रेचर उचललं, चार पावलं गेला आणि थांबला.

"साहेब, तुम्ही राहिलात."

एन्चिक बादाउंनी एकदा त्याच्याकडे, एकदा ताटाकडे पाहिलं. वही काखेत मारली, वाकले आणि मुकाट्यानं बोट लावलं.

मावशी बारा दिवसांनी घरी आली. आता डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हणून साऱ्या लांबघराला शिव्या घालते. वहीत काय लिहिलं होतं ते मला कसं कळलं हे विचारू नका. वही गाडीत राहिली होती, एवढंच सांगते. 'हात आधीच चांगला होता. आता बघतोही. ठेवून घ्यावा.'

ते कळलं त्या दिवशी सौफीनं पायरीवर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. मी भाजी निवडत होते, कान काही मी मुद्दाम दिले नव्हते.

"पास झालास? मग आता परत येणार ना?" आई म्हणाली.

"आई, पास झालो म्हणजे इथंच राहायचं असतं."

मग बाईनं ताट उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांच्याकडचा फुलांनी रंगवलेला निळा भात, वर मासा, खोबरं, सगळं साग्रसंगीत. "हे बघ काय केलंय. आणि तू तिथं. खा आता तिथलं गवत."

सौफीनं बोट पुढं केलं आणि मोबाईलच्या काचेला टेकवलं.

"हे काय करतोस रे?"

"काही नाही, आई. उद्या सकाळी ड्यूटी आहे. पाऊलवाटेनं जायचंय, साप असतात."