न लागलेला कौल

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा उभा जन्म बोटीवर राहिला, निवृत्त होऊन मालगुंडला घरी आला, माडांना पाणी घालू लागला, आणि जरा कुठे सुख लागतंय तोच त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तोवर रोग यकृतात पोचलेला, म्हणून ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. कावीळ उतरावी म्हणून पित्ताच्या नळीत स्टेंट बसवला आणि केमो सुरू झाली. पोटातली कळ पाठीत शिरली की हे उशी पोटाशी धरून वाकून बसायचे.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, ही केमो आता लागू पडत नाही. दुसरी देऊन पाहता येईल, पण फायदा थोडा आणि त्रास बराच. नाहीतर केमो थांबवून सगळा भर वेदना कमी करण्यावर आणि खाण्यापिण्यावर देऊ. घरी बोलून ठरवा. घरी बोललो म्हणजे काय, तर मी आणि ठाण्याची लेक फोनवर रडलो. केमो थांबवणं म्हणजे ह्यांना सोडून देणं, असंच आम्हा दोघींना वाटे. मॉर्फिनच्या गोळ्याही मी कपाटात दडवल्या होत्या, कारण ती गोळी अगदी शेवटची, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. ह्यांच्यासमोर विषय निघाला की मला नेमकी चुलीवरची पेज आठवायची आणि मी उठून आत जायचे.

शेवटी ग्रामदेवीला कौल लावायला गेले. गुरवांनी माझं गाऱ्हाणं घातलं आणि पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर केमो घ्यायची, डावी पडली तर नाही. पण पाकळ्या चिकटेचनात. पुन्हा लावल्या, पुन्हा दोन्ही एकदम खाली. पाषाण तेलकट होता की आणखी काही, मला ठाऊक नाही.

गुरव थांबले. "वैनी, भाऊंचं काय म्हणणं हाय?"

"त्यांना नाही विचारलं."

"मग देवीला कशाला इचारता? ज्याचा जीव, त्याला आधी इचारा."

मला रडूच फुटलं. तशीच घरी आले आणि पडवीत बसलेल्या ह्यांना सरळ विचारलं.

"अगो, इतक्या दिवसांत मला कोणी विचारलान?" हे म्हणाले. "नको ती केमो. दुखणं तेवढं थांबव. आणि त्या पेजेचा कंटाळा आलाय."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, केमो थांबते आहे, उपचार नाहीत. मॉर्फिन थोड्या मात्रेत, पण ठरल्या वेळी सुरू झालं. सोबत पोट साफ राहण्याचं औषध. अन्न पचावं म्हणून जेवतानाच घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. हे रात्री झोपू लागले. मांदेलीची आमटी भातावर घेऊन जेवले आणि मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरलेसुद्धा. ती कुरकुर ऐकून मला किती बरं वाटलं!

रोग हटला नाही. हे गेले, पण आपल्या घरात, माझ्या हातात हात देऊन गेले. देवीने मला काय दिलं, हे मला त्याआधीच्या एका संध्याकाळी कळलं. देवळात निघताना मी विचारलं, "तुमच्यासाठी काय मागू?"

"मागू नको काही. आज दुखलं नाही, एवढं सांग."

गाभाऱ्यासमोर उभी राहिले. जन्मात प्रथमच मागायला काही नव्हतं. हात जोडून मोठ्याने म्हटलं, "आई, आज ह्यांना दुखलं नाही."

समई पुसत बसलेल्या गुरवांनी, गाऱ्हाण्याला सारा गाव साथ देतो तशी, मान खाली घालूनच साथ दिली, "व्हय म्हाराजा!"