शानोच्या वाट्याचे घास

शिरोमेदा वस्तीत शानोएवढा देखणा काठ विणणारा दुसरा विणकर झाला नाही, असं त्याची बायको झेनेबेच सांगते. बायकोचं मत म्हणून थोडं वजा केलं तरी पुष्कळ उरतं. शहराच्या टोकाला, एन्तोतो डोंगराच्या पायथ्याच्या या वस्तीत निम्मी घरं दक्षिणेच्या डोंगरातल्या दोर्झेकडून आलेल्या विणकरांची. घरात जमिनीत खड्डा, त्यावर माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. शानो मिसरूड फुटायच्या आधीपासून असा बसत आला होता. आणि चाळिशी उलटल्यावर एका सकाळी तो तिथे मावेना.

पाय आत गेले, पोट अडलं. विणलेलं कापड गुंडाळायचा दांडा बरोबर बेंबीवर रुतायचा. शेजारचे विणकर दारात उभे राहून मजा बघू लागले. थोरल्या माणसाला इकडे मानाने गाशे म्हणतात, चेष्टा करतानासुद्धा.

"गाशे शानो, खड्डा मोठा करायचा की तुम्हाला लहान करायचं?"

"खड्डाच करा. मला लहान करायला माझी बायको देणार नाही," शानो म्हणाला.

खरंच होतं ते. त्याला तसा करणारी झेनेबेचच होती. शानोला लहानपणापासून शिरो सोसत नसे. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं झणझणीत पिठलं. गरिबाच्या घरी ते रोज, आणि बुधवार-शुक्रवारच्या उपासाला श्रीमंताच्याही घरी, कारण त्या दिवशी मांस, दूध, लोणी, अंडं काही चालत नाही. आणि या बाबाला ते खाल्लं की ओठ खाजायचे. आधी त्याने तिखटावर ढकललं. पुढे अंगावर गांधी उठू लागल्या, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या, तेव्हा झेनेबेचने त्याच्यापुरतं शिरो बंद केलं. मसूरही बंद केली. पण कमावता माणूस खाणार काय, या काळजीने तिने वाटीभर लोणी सुरू केलं, पाव सुरू केला, तेलात निथळणारे बटाटे सुरू केले. उपास नसेल त्या दिवशी तांब्याभर दूध. दुधाने त्याच्या पोटात ढोल वाजायचे, पण तिला वाटे, वाजू देत, लागतंय ना अंगाला.

त्यावर घास. इकडे घास भरवणं म्हणजे नुसते लाड नव्हेत. इंजेऱ्याचा, म्हणजे आंबवलेल्या मोठ्या धिरड्याचा, तुकडा तोडायचा, त्यात कालवण गुंडाळायचं आणि आपल्या हाताने समोरच्याच्या तोंडात घालायचं. एका घासाने वैर होतं, दुसऱ्याने ताटातूट, तिसऱ्याने जीव जडतो, असं म्हणतात. म्हणून तीन. तोंड फिरवलं तर माणूस तुटला म्हणून समजा. झेनेबेच लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याशी बोलायला लाजायची, पण घास भरवताना तिचा हात कधी लाजला नाही. रागात असली तरी तीन, आजारी असली तरी तीन. दोघांचं प्रेम काय ते तेवढंच बोलायचं.

मग त्यांची लेक अमारेच हिचं लग्न झालं. मुलाची आई यिर्गेदू गोंदरकडची, हाताला चव असलेली आणि जिभेला धार असलेली बाई. व्याह्यांना शिरो चालत नाही हे तिला आधीच सांगितलं होतं. तिने शिरोला हातही लावला नाही. कोंबडीचा लालभडक रस्सा केला, इंजेऱ्यात भरपूर गुंडाळला आणि सगळ्या मांडवासमोर शानोपुढे उभी राहिली.

"व्याहीबुवा, आ करा. आज नाही म्हणायचं नाही."

शानोने आ केला. तिसरा घास उतरला आणि त्याचे डोळे सुजून मिटले. ओठ जांभळे झाले. रस्सा दाट व्हावा म्हणून यिर्गेदूने त्यात मूठभर हरभऱ्याचं पीठ लावलं होतं. सगळ्याच सुगरणी लावतात, त्याला कोणी शिरो म्हणत नाही. नवरी मांडवात रडत राहिली आणि नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीतून सासऱ्याला दवाखान्यात नेलं.

सुई टोचल्यावर श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, दूध तुमच्याशी नुसतं भांडतं. हरभरा मात्र सुरी घेऊन येतो. तो आणि त्याची सगळी भावकी, कुणालाही दारात उभं करायचं नाही. आणि हे पोट छातीवर चढून बसलंय. पुढच्या वेळी श्वासाला जागाच उरायची नाही. उतरवा."

झेनेबेचने त्या दिवशीच घरातल्या पिठाचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला. तवा नवा आणला. लोणी, पाव, दूध गेलं, तळलेले बटाटे गेले. मग काय उरलं? उरलं ते दोघांच्या आयांचं जेवण, डोंगरातलं. केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेतच्या खोडाचा गर जमिनीत पुरून आंबवतात, त्याची भाकरी, कोचो. उकडलेलं रताळं, भोपळा, कोबी. शेवग्याचा पाला बसच्या टपावरून गावाकडून यायचा. इंजेरा तेफ या बारीक धान्याचाच, पण तीनच्या जागी एक. उपासाला जवस भाजून, कुटून, पाण्यात कालवलेलं.

पहिल्या दिवशी कोचोचा तो आंबूस वास घरभर पसरला आणि शानो खाता खाता थांबला. गावाकडे त्याच्या आईने भाकरी पानात गुंडाळून भाजलेली असायची, बाहेर धुकं इतकं की शेजारचं घर दिसायचं नाही, आणि सगळी भावंडं चुलीभोवती हात शेकत बसलेली. "आपण हे सोडलं कधी गं?" त्याने विचारलं. झेनेबेचला आठवेना. शहरात आल्यावर कोचोला लोक हसायचे, एवढं तिला आठवत होतं.

रोज पहाटे शानो एन्तोतोचा चढ चढू लागला. निलगिरीच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका त्याला टोकायच्या, "गाशे, हा भारा घ्या, लवकर वाळाल!" तो खरंच वाळला. हळूहळू, कुरकुरत, मध्येच एखाद्या सणाला पुन्हा फुगून, पण वाळला. एके दिवशी पोट दांड्याला न लागता तो खड्ड्यात उतरला, आणि मागाचा खटखटाट पुन्हा गल्लीत ऐकू आला. झेनेबेच आत भाजी निवडत होती. तिला रडू फुटलं.

पण एक गोष्ट मोडली ती मोडलीच. लग्नाच्या दिवसापासून झेनेबेचने त्याला घास भरवला नाही. ती शेजारणीकडे जाऊन शिरो खायची, तिला ते जिवापाड आवडायचं, आणि घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी तिला नखांत पीठ दिसायचं. तो आपल्या वेगळ्या ताटात जेवायचा, ती समोर हात मांडीवर ठेवून बसायची. वस्तीत कुजबुज सुरू झाली. "झेनेबेच नवऱ्याला उपाशी ठेवते." "कसा होता, काय झालाय!" इकडे वाळलेला नवरा म्हणजे बायकोच्या अब्रूचा पंचनामा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवगा शिजवत राहिली.

यिर्गेदूचे हाल त्याहून वाईट. तिच्या हातात विष आहे, असं बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. अमारेचला मुलगा झाला, बाप्तिस्म्याचं जेवण होतं, तेव्हा यिर्गेदू सगळ्यांदेखत घास घेऊन पुन्हा शानोसमोर आली. घास त्याच्या तोंडाशी धरला.

"मी स्वतः रांधलंय, व्याहीबुवा. पिठाचा कण नाही यात. एवढा घ्या आणि माझ्यावरचा डाग पुसा."

शानोने झेनेबेचकडे बघितलं. पीठ नसेलही. पण भांडं? पळी? वाढणाऱ्या दहा बायकांचे हात? नाही म्हणावं तर लेकीचा संसार, हो म्हणावं तर जीव. अमारेच बाळाला छातीशी धरून उभी होती. शानो भिडस्त माणूस, त्याचं तोंड उघडायला लागलं.

झेनेबेच उठली, दोघांच्या मध्ये आली आणि तिने आपलं तोंड उघडलं.

"तू कशी? मी यांना भरवतेय," यिर्गेदू म्हणाली.

"नवऱ्याचं पोट आणि माझं पोट काय वेगळं आहे, विहीणबाई? त्यांच्या वाट्याचं इकडे घाला. तीन घाला. कमी घालाल तर बघा!"

आधी कोणीतरी मागे फिसकन हसलं, मग सगळा मांडव हसला. यिर्गेदूने रडत रडत तीन घास तिच्या तोंडात कोंबले. हात विषारी नाही हे सिद्ध झालं आणि शानो जिवंत राहिला.

घरी येताना वाटेत त्याने विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"माझा घास."

"मीठ कमी. पण वेलदोडा छान लागत होता."

घरी आल्यावर तिने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, कपडे बदलले, कोचोचा तुकडा तोडला आणि त्याला भरवला. पुढचे दोन त्याने मागून घेतले.

तेव्हापासून रिवाजच पडला. लग्न असो, मयताचं चाळिसावं असो, सण असो, शानोसाठी उचललेला घास झेनेबेचच्या तोंडात जायचा. लोक आधी हाक मारायचे, "झेनेबेच, ये गं, शानोचा आहे!" आणि परत येताना तो रस्ताभर विचारायचा. लोणी कुठलं होतं, कांदा किती परतला होता, रस्सा जिभेवर आधी गोड लागला की तिखट. तीही रंगवून सांगायची. कधी बेचव असलं तरी छान होतं म्हणायची. घास शानोचा आणि अंगाला लागतो झेनेबेचच्या, असं वस्तीत म्हणू लागले, आणि ते शब्दशः खरं होतं. तो काटक झाला, ती रुंद होत गेली.

शानो गेला तो म्हातारपणाने, पावसाळ्यातल्या थंडीत, छाती भरून. हरभऱ्याने त्याला नेलं नाही, याचा तिला आजही अभिमान आहे. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला यिर्गेदू काठी टेकत आली आणि जुन्या सवयीने म्हणाली, "झेनेबेच, आ कर. शानोचे आहेत." झेनेबेचने तिन्ही घेतले. रस्ताभर विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून ती घरी जाताना स्वतःशीच सांगत गेली की तिखट जरा पुढे होतं.

आता तिचे गुडघे धरलेत आणि रक्तदाब चढतो. परवा अमारेच तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरणीने वजनकाट्याकडे बघून मान हलवली आणि सांगितलं, आजी, बरंच उतरवावं लागेल.

बाहेर आल्यावर अमारेच म्हणाली, "उद्यापासून बाबांचं पथ्य तुला. कोचो, पाला, आणि पहाटे चढ."

"हे सगळं माझं नाही गं," झेनेबेच पोटावर हात ठेवून म्हणाली. "निम्मं त्यांचं आहे."

अमारेचला हसावं की काय करावं ते कळेना. "बरं, मग निम्मं तरी उतरव."

झेनेबेच लेकीचा हात धरून पायरी उतरली.

"उतरवते. पण आधी माझं. त्यांचं शेवटी."