म्यूट केलेलं पोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं बाकी काही लपत नाही.

साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचा सर्व्हर मी सांभाळतो. माण तालुक्यातल्या छोट्या दवाखान्यांतून त्यावर ईसीजी येतात; दुखणं पित्ताचं की हृदयाचं, ते डॉक्टर इथून सांगतात. ईसीजी ज्या नेटवर्क पोर्टमधून आत येतात ते बंद पडलं, की माझा मोबाईल वाजतो. तेवढ्यासाठीच तर मला पगार.

आमच्या गावची यात्रा होती, कोरेगावकडं. पाहुण्यांची पंगत बसलेली, मी मटण वाढतोय, आणि ते पोर्ट बंद-चालू, बंद-चालू. फोन थांबेचना. मेहुणा म्हणाला, "दाजी, फोन लय किरकिर करतोय — ताईवर गेलाय वाटतं!" सगळे हसले. मीही हसलो — आणि त्या पोर्टचा इशारा म्यूट करून टाकला. पंगत उठली की चालू करू म्हटलं. विसरलो. म्यूट केलेलं पोर्ट मेलं तरी स्क्रीनवर लाल होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं? होतं.

पुढच्याच आठवड्यात माणमधल्या एका दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "सर, ईसीजी पाठवलाय, पोचला का? मेंढरामागचा म्हातारा हाय, छातीत दुखतंय म्हणतोय."

स्क्रीन पाहिली. सगळं हिरवं. उठून सर्व्हरच्या खोलीत डोकवायला कितीसा वेळ लागला असता? "आमचं चालू आहे, तुमचं नेट बघा," म्हणालो. वर चिडून. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा, पुन्हा. तिथल्या बाकावर वाट बघता बघताच म्हाताऱ्याचा जीव गेला.

मग म्यूट केलेलं आठवलं. केबल काढून परत बसवली, इशारा चालू केला. आणि चौकशीत — सांगतोच आता — बिघाड त्यांच्याकडचा, असं सांगितलं. नोंदी तपासणारा मीच होतो, कोण खोटं पाडणार? सिस्टर कंत्राटी होती. तिला काढलं.

त्या म्हाताऱ्याला मी कधी पाहिलं नाही, तरी तो मला दिसतो. हिरवी स्क्रीन बघितली की उठून सर्व्हरच्या खोलीत डोकावून येतो.

कित्येक वर्षांनी, परवा, सिस्टर स्टँडवर भेटली. चौकशीत पाहिलेलं, तिनंच ओळखलं. म्हणाली, "सर, तवाच त्यास्नी गाडीत घालून साताऱ्याला आणायला पायजे हुतं. मी नेटवर इसंबून ऱ्हायले. माझंच चुकलं."

शब्द ओठावर आले होते — खरंच आले होते. मी म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका, सिस्टर."

तिनं डोळे पुसले आणि माझे आभार मानले.