चित्रावरचं ऊन

अबुधाबीत मी ज्या ताईंकडे कामाला होते, त्यांच्या हॉलमध्ये एक चित्र होतं. साहेबांनी नॉर्वेहून आणलेलं, जुनं, पाण्याच्या रंगांचं. गवत कापणाऱ्या बायका. एप्रन पांढरेफेक, गाल लालबुंद, सगळ्या हसतायत. एकीचं तान्हं झाडाखाली टोपलीत. गवत कापताना कोण हसतं? पण ताई पाव्हण्यांना सांगायच्या, "आमच्या मावशी अश्शाच गावच्या."

लेकीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि तिचं माहेर म्हणजे मीच. माझा नवरा कधीच गेलेला, गावच्या घराला कुलूप. ताईंनी सुट्टीला हो म्हटलेलं. मग साहेबांच्या कंपनीची पार्टी निघाली.

"मावशी, पुढच्या महिन्यात बघू ना."

"ताई, पोर भात लावायला जातेय. सासू बसू देत नाही."

त्यांनी चित्राकडं बोट केलं. "ही बघा, लेकरू झाडाखाली ठेवून कापतेय. तुम्ही गावच्या बायका कणखर असता हो. आम्हीच मेल्या नाजूक."

माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. मी पार्टीचे वडे तळले.

पोर चिखलातच खाली बसली. बाळ हाती लागलं नाही. फोन आला तेव्हा मी ग्लास पुसत होते. ताई रडल्या. मी नाही रडले.

रंगीत लुगडं आम्ही उलटं करून सावलीत वाळत घालतो, नाहीतर ऊन रंग खातं. चित्रासमोर मोठी खिडकी होती, तिला जाड पडदा. साहेबांनी बजावलेलं, हा उघडायचा नाही. ताई दुपारी जेवून आडव्या झाल्या की मी तो बाजूला सारायचे. तिथलं ऊन म्हणजे तापलेला तवा. चहाच्या वेळेला परत ओढून घ्यायचे. नंतर सुट्टी मिळाली, लेकीला भेटून आले, तरी परत येऊन तेच. वर्षं गेली. मला घाई नव्हती. आधी गालांची लाली गेली, मग हसणं. रोज बघणाऱ्याला कळत नाही.

साहेबांची बदली झाली, सामान बांधायला काढलं. चित्र खाली उतरवलं तशा ताई बघतच राहिल्या.

"अगं बाई! मावशी, यांचे चेहरे कुठं गेले?"

"उन्हात काम करतायत ना ताई. होतं असं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. टोपलीतलं बाळही पुसून गेलेलं. त्याचं त्यांनी विचारलं नाही. मी चित्र कागदात गुंडाळलं आणि सुतळी आवळून गाठ मारली.