लोंढ्याच्या फलाटावरचा पितळी डबा

आधीच सांगून टाकते... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझ्या माहेरी, निपाणीत, कुणाला काही 'बाधलं' असं कानावर आलं, की मी पहिल्यांदा विचारायची, "काल जेवणात काय होतं?" आजही माझं मत तेच आहे. फक्त माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक पितळी डबा आहे आणि तो आमच्या घरी कसा आला, हे इतक्या वर्षांत मला कुणी नीट समजावून देऊ शकलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

साल १९८२. बेळगावात टिळकवाडीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढं दोन खोल्या, मागं परसू, परसात न्हाणीघर आणि पाणी तापवायची चूल. आमचे हे उद्यमबागेत एका फौंड्रीत नोकरीला. मुलगी मंजू दुसरीत. आणि माझ्या सासूबाई, त्यांना घरातले-दारातले सगळेच आक्का म्हणायचे.

मला तेव्हा नाही नाही ते नाद होते. मासिकांतल्या पाककृती कापून खळीनं वहीत चिकटवायच्या, जुन्या साड्यांचे पडदे शिवायचे, वाचनालयातून प्रवासवर्णनं आणायची आणि ती वाचून ह्यांच्यामागं 'चला की कुठंतरी' म्हणून भुणभुण लावायची. प्रवासाची तर वेगळी वहीच होती. कुठल्या स्टेशनात गाडी किती वेळ थांबली, वडा कसा होता, चहात साखर किती... सगळी नोंद! हे यायच्या-जायच्याला सांगायचे, "आमच्यात रविवारी जेवाण नसतंय, प्रयोग असतोय."

त्या पावसाळ्यात आक्कांनी जेवण सोडलं.

दिवस मला बरोबर आठवतात, कारण त्याच आठवड्यात मंजूनं नवाकोरा स्टीलचा डबा शाळेत हरवला होता आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. "डबा घेऊन ये, मगच जेवायला मिळेल!" असं म्हणाले होते तिला. संध्याकाळी मीच मांडीवर घेऊन भरवलं, ते सोडा. आक्का तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

तेव्हापासून त्यांचं खाणं कमी कमी होत गेलं. आधी भाकरी सुटली, मग भात. दिवाळीपर्यंत गोष्ट चार घास आणि दोन कप चहावर आली. बांगड्या सरकून कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त ठीक, पोट ठीक, छाती ठीक. शेवटी त्यांनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "अशाच राहिल्या तर संक्रांत बघतील असं वाटत नाही."

आक्कांना विचारलं की एकच उत्तर मिळायचं. "तोंडाला चवच न्हाय गं. जबरदस्ती करू नको."

एकदा मात्र त्या आपण होऊन बोलल्या. "आईच्या हातचं माडगं आठवतंय बघ."

माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची, गूळ-सुंठ घालून केलेली पातळ पेज. आमच्याकडं आजारी माणसाला देतात. मला तर चेवच चढला. हे तर माझंच काम! दूध घालून केलं, ताक घालून केलं, हुलगे कमी भाजून, जास्त भाजून... सगळं मिळून अकरा वेळा. आक्का एक चमचा जिभेवर ठेवायच्या आणि वाटी बाजूला सारायच्या. "ब्येस झालंय. पर ते न्हाय."

"मग त्यात होतं तरी काय, आक्का?"

"वास यायचा कसलातरी. जळका... न्हाय, जळका न्हाय. जाऊ दे."

अकराव्या वेळी मी न्हाणीघरात जाऊन रडले. आपण जन्मभर पाककृती चिकटवल्या आणि घरातलं माणूस आपल्यासमोर उपाशी चाललंय... लाज वाटत होती मला.

गोव्याची तिकिटं आधीच काढलेली होती. मडगावला माझे मामा असायचे. मी रद्द करायला निघाले, तर आक्काच म्हणाल्या, "जावा. पोरीला समुद्र दावा." खानापूरहून वन्सं सोबतीला आल्या, आल्या आल्या मला ऐकवलंच. "सासू उपाशी, आणि ह्या निघाल्या समुद्र बघायला!" खोटं थोडंच होतं ते?

लोंढ्याला गाडी बदलायची होती. आम्ही सकाळी अकराच्या सुमारास उतरलो आणि पुढची गाडी दोन तास लेट असल्याचं कळलं. हे सामान घेऊन फलाटाच्या त्या टोकाला सावलीत बसले. मी आणि मंजू तासभर इकडंतिकडं फिरून अलीकडं, नळाजवळच्या बाकावर आलो.

त्या बाकावर एक बाई आधीच बसली होती. असेल तीसेक वर्षांची. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पायात काही नाही. सामान म्हणजे मांडीवरचा एक पितळी डबा, बस्स. मंजूला म्हणाली, "खातीस काय गं?" बोलणं ऐकूनच मी ओळखलं. "बोरगावकडच्या काय तुम्ही?"

"व्हय."

निपाणीपासून बोरगाव जवळच, शिवाय आक्कांचं माहेरही तेच, म्हणून मला बरं वाटलं. तिनं डब्याचं झाकण काढलं. आत माडगं होतं. आणि गरम! वाफ येत होती. एरवी प्रत्येक पदार्थाला नाक मुरडणारी आमची मंजू गपागप प्यायली. मग मीही घोट घेतला आणि थांबलेच. गूळ, सुंठ, तूप, आणि मागं एक खमंग धुरकट वास. जळका... पण जळका नाही.

"ह्यात काय घातलंय?" मी जवळजवळ ओरडलेच. आणि मग सगळी कहाणी तिला सांगून टाकली. आक्का, त्यांचं जेवण, माझे अकरा प्रयोग.

"खापर बुडीवलं न्हाईस तू," ती म्हणाली. "फुटक्या मडक्याचा तुकडा चुलीत घालायचा. लाल झाला की त्याच्यावर तुपाचा थेंब सोडायचा आणि तसाच माडग्यात बुडवायचा. वर झाकण." मग म्हणाली, "तिला म्हणावं, जेव आता. लई हट्टी हाय ती."

खरं सांगते, मला राग आला. माझ्या बासष्ट वर्षांच्या सासूबाईंना ही तिशीची बाई एकेरीत 'ती' म्हणते आणि वर हट्टी म्हणते! पण तोंडात तिचंच माडगं होतं.

डबा रिकामा झाला. आता आमच्याकडची रीत अशी, की कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. चिमूटभर साखर का असेना, घालूनच द्यायचा. मामांसाठी घेतलेला बेळगावचा गोड कुंदा ह्यांच्याजवळच्या पिशवीत होता. मी नळावर डबा विसळला. आतली कल्हई अगदी नवी, लखलखीत होती. म्हटलं, "बसा हं, आलेच."

"आण, भरून आण," म्हणाली आणि हसली.

मंजूला तिथंच बसवून मी फलाटाच्या टोकाला गेले, डब्यात कुंदा घातला आणि परत आले. पाच मिनिटं लागली असतील. बाकावर मंजू एकटीच होती.

"बाई कुठं गेल्या?"

"पाणी प्यायला गेल्या, नळाकडं."

नळावर कुणी नव्हतं. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गेली असंल गाडीला." मग स्वतःच चपापला. "पर तासाभरात गाडीच कुठं आलीया हितं?" मी दोन्ही फलाट पालथे घातले. हे बाहेर टांग्यांपर्यंत जाऊन आले. हिरवं लुगडं कुठंच नाही. दुसऱ्याची वस्तू अशी घेऊन कसं जायचं? शेवटी स्टेशनातल्या बाबूंकडं आमचा पत्ता लिहून दिला आणि गाडीत बसलो.

गाडीत डबा पिशवीत ठेवताना बुडाकडं लक्ष गेलं. तिथं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, 'तानूबाई'. म्हटलं, चला, निदान नाव तरी कळलं. तेवढ्यात मंजू म्हणाली, "आई, त्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, डबा हरवलास व्हय गं? असू दे, जेवत जा."

"तू सांगितलंस ना त्यांना, डबा हरवला म्हणून?"

"मी कुठं सांगितलं?"

सांगितलं असेल, मुलं विसरतात, असं म्हणून मी विषय सोडला. निदान तसा प्रयत्न केला.

चार दिवसांनी परत आलो. आक्का खाटेवर पडून होत्या. मी पायाशी बसून सगळं सांगत होते. रिकामा डबा अजून पिशवीतच होता, पिशवी बाहेरच्या खोलीत. माडगं, खापर, हिरवं लुगडं... आक्का एकदम कोपरावर उठल्या.

"झाकणाच्या कडीला तांब्याची तार हाय काय?"

मला ठाऊकच नव्हतं! पळत जाऊन डबा आणला. झाकणाची कडी एका बाजूनं तुटलेली होती आणि तिथं तांब्याची तार गुंडाळलेली होती.

आक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी डबा मांडीवर घेतला, उलटा केला आणि बुडावरून बोट फिरवत राहिल्या. मी नाव वाचून दाखवलं. "तानूबाई."

"माझी आई," आक्का म्हणाल्या.

बोरगावच्या त्यांच्या सावत्र आईचं नाव आम्हाला माहीत होतं. सख्ख्या आईचं नाव ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. आक्कांनी कधी काढलंच नव्हतं ते. त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. नऊ वर्षांच्या होत्या. तंबाखूच्या शेतावर वडलांना जेवण घेऊन निघाल्या, वाटेत नदीकाठी खेळत बसल्या आणि डबा गेला. आईच्या लग्नातला डबा! आई रागानं म्हणाली, "डबा आणल्याबिगर तुला ह्या घरात जेवाण न्हाय." दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. पाचव्या दिवशी ती गेली.

"जेव म्हणून सांगायची ऱ्हाऊन गेली बघ ती," आक्का म्हणाल्या. "आणि तवा तू मंजूला बोललीस न्हवं... मला आईचाच आवाज आला गं. घास गिळंनाच झाला."

मला रडू आवरेना. बोलले मी, विसरलेही मी, आणि तीन महिने उपाशी राहिलं हे म्हातारं माणूस. मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "तुझं काय चुकलं त्यात? उठ. चूल पेटीव."

न्हाणीघरातल्या चुलीत खापराचा तुकडा लाल केला. तुपाचा थेंब सोडला, माडग्यात बुडवला, वर झाकण ठेवलं. चर्र आवाज झाला आणि घरभर तोच वास! आक्कांना त्याच डब्यातून दिलं. त्या सगळं प्यायल्या, बोटानं निपटून. मग डबा माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "आनखी घाल."

आक्का त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, आणि माझ्या सगळ्या रविवारच्या प्रयोगांना नावं ठेवत ठेवत जेवल्या.

ह्यांचं म्हणणं असं, की डबा तेव्हा चोरीला गेला असेल, ह्या हातातून त्या हातात फिरून बोरगावच्याच कुणा बाईकडं आला असेल. खापर बुडवायची पद्धत गावात असणारच. बाई रूळ ओलांडून पलीकडं गेली असेल. सगळं पटतं मला. पण मग तासभर गाडी न आलेल्या फलाटावर माडगं गरम कसं? ती डबा घ्यायला परत का आली नाही? स्टेशनात आमचा पत्ता होता, पण आजतागायत कुणी विचारायला आलं नाही. आणि मंजू आज स्वतः दोन मुलांची आई आहे, तरी शपथेवर सांगते, "मी तिला डब्याचं बोललेच नव्हते."

मी शोध घ्यायचं सोडून दिलंय. पण लोंढ्यावरून जायचं असलं, की सकाळी उठून खापर तापवते, डबा भरून घेते आणि गाडी थांबली की खिडकीतून नळाजवळचा तो बाक बघते. गाडी सुटली की मग आम्हीच ते माडगं वाटून पितो.

ती 'भरून आण' म्हणाली होती. मी भरून आणते. फक्त द्यायचा कुणाकडं, ते तुमच्यापैकी कुणाला माहीत असलं तर सांगा.