खडूची रेघ

काचेचे सांधे भरण्यात मामांची हयात गेली. सगळे त्यांना मामाच म्हणत, अगदी त्यांच्याच वयाच्या इंजिनिअरबाईसुद्धा. नव्या मत्स्यालयाची मोठी टाकी तपासणीसाठी पहिल्यांदा भरली, तेव्हा गळती शोधायला महागडी यंत्रं होती. मामांनी मात्र सांध्याखालच्या काळ्या दगडावर खडूची रेघ ओढली. खडू बायकोचे. शाळेतून निवृत्त होताना मास्तरीणबाईंनी उरलेले तुकडे डबाभर घरी आणले होते.

यंत्रांनी सगळं आलबेल सांगितलं. तिसऱ्या सकाळी रेघ नखाएवढ्या जागी ओली होऊन पुसट झालेली! आणि सांधा कुणाचा? मामांचाच. गप्प बसले असते तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पण ते तडक इंजिनिअरबाईंकडे गेले. "सांधा माझा आहे. टाकी रिकामी करा आणि मला घरी पाठवा."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. उद्घाटन पंधरा दिवस पुढं गेलं. "घरी कसले जाता, मामा? बाकीच्या टाक्यांना रेघा कोण मारणार?"

उभ्या जन्मात मामांच्या चुकीला एवढा मान कुणी दिला नव्हता. सांधा त्यांनी पुन्हा भरला, देवाची पूजा करावी तसा, आणि खाली नवी रेघ ओढली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. काचेपलीकडे रुपेरी मासे गिरक्या घेत होते, माणसं आ वासून बघत होती. मामांची बायको मात्र आधी खाली वाकली. तिनं रेघेवरून बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट नवऱ्यापुढं धरलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "आता बघते तुमचे मासे."